तालात न बसलेल्या ओळी

"ताई, याच्यात ठेका कुठी आहे?" जलालुद्दीनभाऊंनी क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवली आणि रुमालानं ओठ पुसले. "आमी वरातीत असं वाजवलं तं नवरदेव घोड्यावरून उतरून घरी चालला जाईन."

"ठेका नाहीच आहे, भाऊ," नंदिनी म्हणाली. "तालाचं बंधनच नको यात. मी श्वास घेते तिथं तुम्ही घ्या. मी थांबले की तुम्ही सुरू व्हा."

मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून आलेला सुबल मंडल व्हायोलिनच्या तारा पिळत हसला. तो कीर्तनात वाजवायचा. "दीदी, ये गाना है की बातां हैं?"

"दोन्ही."

"मग पैसे बी दोन्हीचे लागतीन," जलालुद्दीनभाऊ म्हणाले, आणि तिघंही हसले. आतल्या खोलीत सासूबाईंच्या मांडीवर पेंगत असलेली नंदिनीची सव्वा वर्षाची मैना हसण्यानं जागी झाली. नंदिनीचे कान तिकडे गेले. रडते का? नाही रडत. मग तिनं पुन्हा पेटीचा भाता ओढला.

आलापल्लीच्या वनखात्याच्या क्वार्टरची ती पुढची खोली. डेपोत कापलेल्या सागाचा वास खिडकीतून यायचा, आणि तिचा नवरा अश्विन डेपोतूनच आलेला असला की त्याच्या शर्टालाही तो असायचा. नंदिनी नागपूरला संगीत घेऊन बी.ए. झालेली. पण मैना झाल्यापासून अंगाईशिवाय तिनं काही म्हटलं नव्हतं. चंद्रपूरच्या एका वाचनालयानं कार्यक्रम ठरवला होता: आपल्या भागातल्या, आजच्या कवींच्या कविता गाऊन दाखवायच्या. ढोलकी नको, झगमगाट नको. एक गळा, दोन-तीन वाद्यं, आणि शब्द न शब्द ऐकू आला पाहिजे. कविता कोणती ते त्यांनीच निवडलं होतं. दिवाळी अंकात आलेली 'झोळी', नाहीद शेखची. "तुमच्याच गावच्या आहेत त्या," फोनवरचे गृहस्थ म्हणाले होते. "ओळख असेलच."

ओळख. नंदिनीनं "हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ उभीच राहिली होती.

कविता अशी होती:

*दोन झोळ्या शिवल्या*
*अम्मीच्या एकाच साडीतून.*
*एक मैत्रिणीला दिली.*
*तिच्या घरी ती टांगली का,*
*मी विचारलं नाही.*
*दुसरी माझ्या घरी आहे.*
*तिला कोणी हात लावत नाही.*
*पंखा लावला की ती हलते.*

नाहीद इथल्याच हायस्कुलात मराठी शिकवायची. तिच्या वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान. दोघी एकाच वर्षी गरोदर राहिल्या होत्या. संध्याकाळी पाय सुजले की दोघी सागाच्या रांगांमधून सावकाश फिरायच्या, वजन, उलट्या, सासवा, सगळ्याचा हिशेब एकमेकींना द्यायच्या आणि हसून हसून थकायच्या. नाहीदनंच झोळ्या शिवल्या. हिरव्या काठाच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या. "तुझी माझी एकच डिझाइन," म्हणाली होती. "बाहेरून बघणाऱ्याला कळलं नाही पाहिजे कोणाचं लेकरू कोणत्या झोळीत."

मग आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात नाहीदचं बाळ गेलं. जन्मलं, आणि गेलं.

नंदिनीचे तेव्हा दिवस भरत आले होते. ती भेटायला गेली नाही. लोक म्हणाले अशा अवस्थेत जाऊ नये, आणि तिला ते फार सोयीचं वाटलं. मैना झाली. नाहीद एकदा झबलं घेऊन आली, तर नंदिनीनं दारातच सांगितलं, "आत्ताच झोपली गं." तेवढ्यात आतून मैनानं भोकाड पसरलं. दोघींनीही ते ऐकलं. नाहीद झबलं देऊन गेली. त्यानंतर नंदिनीचं तिच्याकडे जाणं नाही, तिचं इकडे येणं नाही. बाजारात भेटल्या की "कशी आहेस", "बरी", बस.

आणि झोळी. ती झोळी नंदिनीनं टांगलीच नाही.

सासूबाई विचारायच्या, "चांगली तं आहे, काऊन नाई टांगत?" नंदिनी म्हणाली, कापड टोचतं बाळाला. इतकं मऊ कापड. तिच्या सासरी नजर लागणं, उतरवणं असलं काही चालत नसे. सासऱ्यांनी, हरिदासभाऊंनी, छप्पन सालानंतर आपल्या वडिलांनी देव-धागे कसे घराबाहेर काढले ते तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अभिमानानं सांगितलं होतं. तिच्या माहेरीही तेच. ती स्वतः कॉलेजात अंधश्रद्धेवरच्या वक्तृत्वात पहिली आलेली. म्हणून तर कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. रात्रंदिवस बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणाऱ्या त्या दिवसांत तिला कपाटातली ती झोळी जड वाटायला लागली. एक दिवस तिनं ती भांडी घासायला येणाऱ्या सोमारीला देऊन टाकली. सोमारीही तेव्हा ओलीच बाळंतीण होती. "घे, लेकराला होईल," नंदिनी म्हणाली, आणि सोमारी खूश झाली.

ज्या झोळीत स्वतःचं लेकरू घालायला ती घाबरली, त्या झोळीत दुसरीचं लेकरू झोपेल याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं ते दिवाळी अंक वाचताना. अंक तिनं उलटा करून ठेवला.

चाल लावायला बसली तेव्हा पहिल्या दिवसापासून ती तिसऱ्या ओळीवर अडायची. 'एक मैत्रिणीला दिली' म्हटलं की पेटीवरची बोटं थांबायची. मग तिनं तोड काढली. त्या तीन ओळी गाळल्या. त्या गाळल्या तर 'दोन झोळ्या' कशा राहतील? म्हणून 'दोन झोळ्या शिवल्या'चं 'झोळी एक शिवली' केलं, 'एकाच' काढला, 'दुसरी'च्या जागी 'आता' घातला. मध्ये पडलेली जागा भरायला शेवटची ओळ उचलून ध्रुवपदासारखी पुढे आणली. *पंखा लावला की ती हलते.* दोन सुरांमध्ये हिंदकळणारी, खालच्या पट्टीत क्लॅरिनेटची साथ घेऊन परत परत येणारी. चाल इतकी गोड झाली की अश्विन आंघोळ करताना गुणगुणायचा. मैनासुद्धा मान डोलवत म्हणायची, "हयते, हयते."

लेकराच्या तोंडी ती ओळ ऐकली की नंदिनीला वाटायचं, हिला गप्प करावं. पण काय म्हणून करणार?

नाहीदला तिनं फोन करून विचारलं होतं. नाहीद म्हणाली, "तूच गाणार?"

"हो."

"मग गा. तुला बसेल तसं बसव."

मग दोन-तीनदा तिचा मेसेज आला, रेकॉर्डिंग पाठव ना. नंदिनी दर वेळी लिहायची, अजून कच्चं आहे.

त्या दिवशी मात्र ठेक्यावरून हसून झालं आणि नाहीद स्वतःच आली. दार उघडंच होतं. चपला काढून ती उंबऱ्याशी उभी राहिली. शाळेतून सरळ आलेली, खांद्याला पर्स, बोटांना खडू. जलालुद्दीनभाऊ तिच्या वडिलांना ओळखायचे. "अरे, शेखभाईची पोरगी! ये ये, बेटा. तुयाच कवितेनं आमाले घाम फोडला."

"कच्चं असलं तरी चालेल म्हटलं," नाहीद नंदिनीकडे बघून म्हणाली. "ऐकायला आले."

नंदिनीला उत्तर सुचायच्या आत मैना आतून दुडदुडत आली. नवीन माणूस दिसलं की तिला कोण आनंद. सरळ नाहीदकडे गेली आणि तिच्या ओढणीचं टोक धरून तिनं वर पाहिलं. नाहीद खाली वाकली. दोन्ही हात पुढे झाले.

आणि नंदिनीनं पेटीवरून उठून मैनाला उचललं.

ठरवून नाही. हात आपले आपण गेले. मैनाच्या मुठीत ओढणी होती, ती ताणली गेली आणि सुटली. नाहीद तशीच वाकलेली, रिकाम्या हातांनी. मग तिनं ते हात गुडघ्यांवर टेकवले, जणू टेकवायलाच वाकली होती, आणि सतरंजीवर बसली.

"सर्दी आहे तिला," नंदिनी म्हणाली. "तुला व्हायची."

मैनाला सर्दीबिर्दी काही नव्हती. सासूबाई दारात आल्या होत्या, त्यांनी नंदिनीकडे पाहिलं आणि पोरीला आत घेऊन गेल्या.

"सुरू करा ना," नाहीद म्हणाली.

नंदिनीनं गायला सुरुवात केली. दुसरं काय करणार होती? व्हायोलिननं लांब सूर धरला, क्लॅरिनेट खालून वर आली. 'झोळी एक शिवली'वर नाहीदची मान किंचित वर झाली. नंदिनी तिच्याकडे न बघता पेटीच्या पट्ट्यांकडे बघत गात राहिली. पहिल्यांदा ध्रुवपद आलं. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा जलालुद्दीनभाऊंनी डोळे मिटून त्यावर एक छोटीशी हरकत घेतली. त्यांना ती जागा फार आवडायची. ती ओळ त्या खोलीत लाडात येऊन झुलत होती. नंदिनीला वाटलं, आत्ता वीज जावी, काहीतरी पडावं, फुटावं.

गाणं संपलं. सुबल म्हणाला, "आज तो एकदम जम गया, दीदी."

नाहीद बोटांचा खडू पुसत होती. "चाल छान आहे," ती म्हणाली. मग ओढणी सारखी करत, "झोळ्या दोन होत्या."

"हो. म्हणजे, त्या मधल्या ओळी..." नंदिनीनं पेटीचा भाता बंद केला. "तालात बसत नव्हत्या."

"ताल?" जलालुद्दीनभाऊंनी क्लॅरिनेट पुसता पुसता वर पाहिलं. त्यांच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. "ताल तं नाईच म्हणून राह्यल्या होत्या ना तुमी आताच?"

सुबल व्हायोलिनची पेटी उघडून त्यात काहीतरी शोधायला लागला. नंदिनीच्या कानापासून मानेपर्यंत आग झाली. त्या दोघांना काही कळलं नव्हतं, आणि नाहीदला सगळं कळलं होतं.

नाहीद उठली. चपला घालताना पाठमोरी म्हणाली, "गा तू. तुझं गाणं आहे."

तुझं गाणं. कविता माझी असं ती म्हणाली असती, भांडली असती, तरी बरं होतं.

दोघं वादक गेल्यावर अश्विन आला. नंदिनी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी द्यायची सोडून मोहरीची वाटी हातात घेऊन उभी होती.

"काऊन रडून राह्यली तू?"

तिनं सांगितलं. सगळं. झोळी सोमारीला का दिली तेही. हे तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. अश्विननं टोपी काढून खुंटीला लावली. तो रागावला नाही, हसलाही नाही. थोडा वेळ तिच्याकडे असा पाहत राहिला की जणू घरात कोणी नवीन माणूस आलंय.

"तू तं भाषणं देत होती ना याच्यावर," तो म्हणाला.

"हो."

"मंग आता त्या ओळी घाल परत."

"लोकांना कळेल."

"लोकायले काय कळते? कवितेतली मैत्रीण कोण, हे कोणी विचारते का?"

"तिला माहीत आहे."

"तिले तं पहिल्यापासूनच माहीत आहे, नंदा." त्यानं तिच्या हातातली वाटी घेतली. "तू कोणापासून लपवून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना पुन्हा बोलावलं. मूळ कविता जशीच्या तशी गायची, ती म्हणाली. शेवटची ओळ शेवटी. एकदाच.

जलालुद्दीनभाऊंचा चेहरा उतरला. "ताई, तेच तं मस्त होतं! तिथीच लोक टाळ्या वाजवतीन."

"म्हणूनच नको, भाऊ."

"जशी तुमची मर्जी. पण गाण्याचा जीवच काढला तुमी."

खरंच काढला होता. त्या तीन ओळींना तिला चाल सापडेना. जे सुचायचं ते खोटं वाटायचं, जास्त गोड, जास्त दुःखी, जास्त माफी मागणारं. मूळ ओळीत माफी कुठं होती? *एक मैत्रिणीला दिली. तिच्या घरी ती टांगली का, मी विचारलं नाही.* इतकं साधं. शेवटी तिनं ठरवलं, वाद्यं थांबवायची, आणि एकाच सुरावर, बोलल्यासारखं म्हणायचं. तालमीत दर वेळी तिचा सूर तिथं उतरायचा. सुबल हळूच तार छेडून तिला सूर दाखवायचा.

नाहीदला तिनं मेसेज केला: सगळ्या ओळी गाणार आहे. येशील ना? मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

चंद्रपूरला वाचनालयाच्या हॉलमध्ये पन्नास-साठ खुर्च्या होत्या आणि बऱ्याचशा भरलेल्या. थंडीचे दिवस, बायका शाली पांघरून. कवींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. नाहीद होती. एकटीच आली असावी, शेजारची खुर्ची रिकामी. मैना मागच्या रांगेत अश्विनच्या खांद्यावर झोपली होती. नंदिनीनं दोनदा तिथवर नजर टाकली. टोपडं आहे ना कानावर? आहे. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि तिनं समोर पाहिलं.

*दोन झोळ्या शिवल्या.*

क्लॅरिनेट आली, व्हायोलिन आलं. *अम्मीच्या एकाच साडीतून.* मग ठरल्याप्रमाणे दोघं थांबले. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. खुर्ची करकरली.

*एक मैत्रिणीला दिली.*

सूर उतरला. तालमीत उतरायचा तसाच, किंबहुना जास्त. संगीत शिकलेल्या मुलीचा नव्हे, चोरी पकडल्यावर बोलणाऱ्या बाईचा आवाज. ती थांबली नाही. *तिच्या घरी ती टांगली का.* तिला वाटलं, हॉलमधला प्रत्येक माणूस तिच्याकडे बोट दाखवणार. कोणी दाखवलं नाही. लोक बसले होते, ऐकत होते, एक आजोबा घड्याळाकडे बघत होते. *मी विचारलं नाही.* पहिल्या रांगेत नाहीद मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

शेवटची ओळ आली, एकदा झाली, आणि क्लॅरिनेट अर्ध्यातच विरली. टाळ्या पडायला थोडा उशीर झाला. पडल्या त्या बऱ्या पडल्या, फार नाही. मागून कोणीतरी "शेवटची ओळ पुन्हा" म्हणालं. नंदिनीनं हात जोडले आणि उठली. जलालुद्दीनभाऊ कानाशी पुटपुटले, "मी सांगितलं होतं ना, लोकायले तेच पाहिजे होतं."

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी कोशाची साडी नेसलेल्या एक बाई नाहीदला गाठून उभ्या होत्या. नंदिनी जवळ गेली, तेव्हा त्या म्हणत होत्या, "फार हेलावून टाकलं हो तुम्ही. पण मला राहवत नाही. त्या मैत्रिणीनं टांगली का मग झोळी?"

नाहीदनं कप खाली ठेवला. नंदिनी तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

"कवितेत आहे तेवढंच," नाहीद म्हणाली. "मी विचारलं नाही."

"इश्श, विचारायचं ना! मैत्रीण ती. मला तर वाटतं टांगलीच असेल. तुमची आठवण म्हणून." बाई नंदिनीकडे वळल्या. "काय हो, तुम्हाला काय वाटतं?"

"मला," नंदिनी म्हणाली, आणि पुढे काही आलं नाही. बाई हसल्या, गाणाऱ्यांना बोलता येत नाही म्हणाल्या, आणि बिस्किटांकडे गेल्या.

नाहीद बाहेर निघाली होती. नंदिनी तिच्या मागे पायऱ्यांवर आली. रस्त्यावर ऑटोंचा गोंगाट, वर पिवळा दिवा, त्याच्याभोवती धुरळा. तिनं नाहीदचं कोपर धरलं आणि लगेच सोडलं.

"नाही टांगली," ती म्हणाली.

नाहीद थांबली.

"भीती वाटली मला. तुझ्या त्या... तुझ्या झोळीची. मैनाला काही होईल म्हणून. म्हणून त्या दिवशी तुझ्या हातून तिला... सर्दी नव्हती तिला." शब्द एकमेकांवर पडत होते. "मी ती सोमारीला देऊन टाकली. आमच्याकडे भांड्याला होती ना, ती. तिच्या लेकराला."

इतके दिवस तिला वाटत होतं की एकदा बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. बोलून झालं आणि काही उतरलं नाही. उलट आता ते दोघींच्या मध्ये, पायरीवर, सगळ्यांसमोर पडलं होतं.

नाहीद रागावेल, रडेल, निदान "मला माहीतच होतं" म्हणेल, असं तिला वाटलं. नाहीदनं तसं काहीच केलं नाही. तिच्या कपाळाला एक आठी पडली, वर्गात मूल बऱ्याच दिवसांनी आलं की मास्तरणीच्या पडते तशी.

"सोमारीचं लेकरू बरं आहे ना?" तिनं विचारलं.

सोमारी तेंदूची पानं तोडायच्या हंगामाला गेली होती, ती पुन्हा कामावर आलीच नाही. नंदिनीनं दुसरी बाई लावली. चौकशी केली नव्हती. लेकरू मुलगा की मुलगी, तेही तिनं कधी विचारलं होतं का? सोमारी दारात बसून त्याला पाजायची. लुगड्याखालून बाहेर आलेले दोन तळपाय तेवढे तिला आठवत होते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"टोला कोणता तिचा? कोणती वस्ती?"

"तेही नाही."

नाहीदनं तिच्याकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली. आत्ता तिच्याकडे बघत राहणं नाहीदलाच अवघड झालं असावं.

"विचारून घे," ती म्हणाली, आणि ओढणी डोक्यावरून ओढून पायऱ्या उतरून ऑटोकडे गेली.